बिनविम्याचे वाहन आणि शेतकऱ्याचे संरक्षण

हल्ली खेडेगावांत ट्रॅक्टर, मोटारसायकल व मालवाहू टेम्पो ही वाहने बैलगाडीइतकीच नित्याची झाली आहेत. शेतमाल बाजारपेठेत नेणे, खते व बियाणे आणणे, मुलांस शाळेत पोहोचविणे, आजाऱ्यास तालुक्याच्या दवाखान्यात नेणे, ही सर्व कामे आता यंत्राच्या वाहनानेच होतात. त्यायोगे वेळ वाचतो हे खरे; तथापि वाहनांबरोबर अपघातही आले. सन २०२२ ह्या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, असे केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक खात्याचा अहवाल सांगतो. कर्ता पुरुष असा अकस्मात गेला, अथवा कायमचा अपंग झाला, म्हणजे पेरणीपासून मुलांच्या शिक्षणापर्यंत सर्वच व्यवहार अडून बसतो. अशा वेळी कुटुंबास आधार मिळावा म्हणून कायद्याने प्रत्येक वाहनाचा विमा सक्तीचा केला आहे. परंतु ज्या वाहनाने धडक दिली त्याचा विमाच नसेल, अथवा असूनही त्या प्रसंगास तो लागू पडत नसेल, तर भरपाई कोणापासून व कशी मिळावयाची, ह्याचा विचार अपघात होईपर्यंत सहसा कोणी करीत नाही. तो विचार आगाऊ व्हावा ह्या हेतूने आम्ही ही माहिती वाचकांपुढे ठेवीत आहोत. महसूल खात्यात बरीच वर्षे लेखणी चालविल्यामुळे अशा प्रकरणांतील वसुलीची बाजू आमच्या नजरेखालून गेलेली आहे.

तिसऱ्या पक्षाचा विमा म्हणजे काय

विम्याच्या करारात पहिला पक्ष वाहनाचा मालक व दुसरा पक्ष विमा कंपनी. ह्या दोघांखेरीज ज्या इसमास वाहनापासून इजा पोहोचते तो तिसरा पक्ष. कायद्याने सक्तीचा केलेला विमा तो ह्या तिसऱ्या पक्षासाठी आहे. म्हणजे आपण हप्ता भरतो तो आपल्या वाहनाखाली सापडणाऱ्या परक्या माणसासाठी. आणि आपण स्वतः रस्त्याने जाताना ज्याच्या वाहनाची धडक आपणांस बसेल, त्याने भरलेला हप्ता आपल्या उपयोगी पडावयाचा. पुष्कळ शेतकरी बंधूंचा समज असा असतो की, आपल्या गाडीचा विमा भरलेला आहे, मग आपण सुरक्षित आहोत. हा समज अपुरा आहे. नुसता सक्तीचा विमा घेतला असेल, तर आपली सुरक्षितता एका अनोळखी माणसाच्या व्यवहारीपणावर अवलंबून राहते, हे प्रथम नीट ध्यानात घ्यावे.

ही सक्ती काही नवी नव्हे. सन १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तिची तरतूद होती व १९४६ पासून ती अमलात आली. पुढे सन १९८८ चा कायदा झाला; त्याच्या कलम १४६ अन्वये तिसऱ्या पक्षाच्या विम्यावाचून सार्वजनिक जागी वाहन चालविता येत नाही. सन २०१९ च्या दुरुस्तीने बिनविम्याचे वाहन चालविल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये व पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड, अथवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली आहे. असे असूनही देशात नोंदलेल्या वाहनांपैकी निम्म्याच्या आसपास वाहने विम्यावाचून आहेत, असे आढळून आलेले आहे.

ह्याची कारणे शोधावयास दूर जावयास नको. दिनांक १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन मोटारीस तीन वर्षांचा व नवीन दुचाकीस पाच वर्षांचा तिसऱ्या पक्षाचा विमा एकदमच घ्यावा लागतो. ही मुदत संपेपर्यंत मालकास त्याची आठवणही राहत नाही, आणि मुदत सरल्यावर कोणी स्मरणही देत नाही. ट्रॅक्टरच्या बाबतीत ‘तो आमच्या शेतातच चालतो’ असे म्हणण्याची चाल आहे. पण तोच ट्रॅक्टर ऊस घेऊन कारखान्यावर जातो, धान्य घेऊन बाजार समितीत जातो, आणि वस्तीवरून शेतात जातानाही सार्वजनिक रस्ता ओलांडतोच. अपघातास एक फर्लांगही पुरतो.

परदेशातील व्यवस्था

ही अडचण इतर देशांसही आली व त्यांनी तीवर आपापल्या परीने तोड काढली. इंग्लंडात १९३० च्या कायद्याने विमा सक्तीचा झाला. तरी काही लोक बिनविम्याची वाहने चालवीतच राहिले. तेव्हा १९४६ साली तेथील विमा कंपन्यांनी मिळून एक मंडळ स्थापन केले. बिनविम्याच्या वाहनाने कोणी जखमी झाल्यास हे मंडळ भरपाई देते, व पुढे बेपत्ता वाहनांची प्रकरणेही त्याच्याकडे आली. त्याचा खर्च सर्व विमा कंपन्या वर्गणीने सोसतात. म्हणजे अखेर प्रामाणिकपणे हप्ता भरणारेच तो सोसतात. अमेरिकेत निराळी रीत आहे. तेथे मालक आपल्याच विमापत्रात एक जादा कलम घालून घेतो. धडक देणाऱ्याचा विमा नसेल, अथवा त्याची रक्कम तोकडी पडत असेल, तर ती उणीव मालकाची स्वतःची कंपनी भरून काढते. न्यू हॅम्पशायर संस्थानाने १९५७ साली असे संरक्षण विमापत्रात घालण्याचा कायदा प्रथम केला व मग इतर संस्थानांनी त्याचे अनुकरण केले.

आपल्याकडे ह्या दोहोंपैकी कोणतीच रीत पूर्ण रूपाने नाही. मृत्यू वा शारीरिक इजा झाल्यास तिसऱ्या पक्षाच्या विम्यात कंपनीच्या जबाबदारीस रकमेची मर्यादा ठेवण्याची वहिवाट नाही, ही आपल्याकडील चांगली बाजू होय. तेव्हा विमा असून रक्कम तोकडी पडण्याचे भय अमेरिकेतल्याप्रमाणे येथे नाही. परंतु विमा मुळीच नसला तर सारा भार एकट्या मालकावर पडतो, आणि त्याची ऐपत तेवढीच आपली भरपाई, अशी स्थिती होते.

रक्कम किती होते

हा भार केवढा असतो हे एका काल्पनिक उदाहरणाने दाखवितो. अडतीस वर्षांचा एक शेतकरी अपघातात वारला. मागे त्याजवर अवलंबून असणारी चार माणसे आहेत. शेतकऱ्याच्या बाबतीत न्यायाधिकरण असे पाहते की, जमीन तर वारसांकडेच राहिली. गेले ते मृताचे श्रम व देखरेख. म्हणून साऱ्या उत्पन्नाऐवजी त्या श्रमाचे व देखरेखीचे मोल धरले जाते. ते मोल दरमहा १५,००० रुपये, म्हणजे साल अखेर १,८०,००० रुपये ठरले असे समजू. सर्वोच्च न्यायालयाने सन २००९ व सन २०१७ च्या निकालांत घालून दिलेल्या कोष्टकाप्रमाणे चाळिशीच्या आतील स्वतंत्र धंदा करणाऱ्याच्या उत्पन्नात पुढील वाढीबद्दल शेकडा ४० मिळवावयाचे. म्हणजे २,५२,००० रुपये झाले. त्यांतून मृत स्वतःवर खर्च करता तो चौथा हिस्सा वजा जाता १,८९,००० रुपये उरले. छत्तीस ते चाळीस वयास गुणक १५ आहे. गुणाकार केला असता २८,३५,००० रुपये होतात. ह्याशिवाय अंत्यविधी, वारसा व सहवासहानी ह्यांबद्दलच्या ठरावीक रकमा व व्याज निराळे.

दिनांक १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात ७५ ते १५० सी.सी. शक्तीच्या दुचाकीचा तिसऱ्या पक्षाचा हप्ता कर सोडून साल अखेर ७१४ रुपये होता. सातशे चौदा रुपये वाचविणाऱ्याने अठ्ठावीस लाखांचा बोजा आपल्या डोक्यावर घेतला, असा ह्याचा अर्थ.

वसुली कशी होते

न्यायाधिकरणाचा निवाडा हाती आला म्हणजे पैसे हाती आले, असे नव्हे. वाहनाचा विमा असेल तर निवाडा कंपनीविरुद्ध होतो व कंपनी रक्कम न्यायाधिकरणात भरते. विमा नसेल तर निवाडा चालक व मालक ह्यांजवर होतो. मालकाने आपण होऊन रक्कम न भरल्यास कलम १७४ अन्वये न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुलीचा दाखला पाठविते, आणि मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल केली जाते. म्हणजे प्रकरण तहसील कचेरीत येते. प्रथम मागणीची नोटीस, नंतर जंगम मालाची जप्ती व विक्री, आणि त्याने न भागल्यास स्थावराची जप्ती व लिलाव, असा महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचा क्रम आहे.

कागदावर हा मार्ग सरळ दिसतो. प्रत्यक्षात काय होते ते आम्ही पाहिलेले आहे. सातबारा काढावा तर जमीन चार भावांच्या समाईक नावे, इतर हक्कांत सोसायटीचा व बँकेचा बोजा आधीच चढलेला, विहीर सामायिक, ट्रॅक्टर कर्जाऊ घेतलेला. एका प्रकरणात मालकाचा हिस्सा हिशेबाने दीड एकर निघाला. लिलाव पुकारला तर गावातला एकही माणूस बोली बोलावयास पुढे येईना, कारण भाऊबंदांशी वैर कोण घेणार? अपघातात नवरा गमावलेली बाई मुलास कडेवर घेऊन दर महिन्याला कचेरीत चौकशीस येई, व ज्याची जमीन जप्त व्हावयाची तोही तेथेच व्हरांड्यात डोके धरून बसलेला असे. रक्कम हप्त्याहप्त्याने, तीही निवाड्याच्या मानाने थोडी, अशी कित्येक वर्षांत वसूल झाली. एका न भरलेल्या हप्त्यामुळे दोन कुटुंबे खालावली. ह्यास्तव बिनविम्याच्या वाहनाचा प्रश्न जखमी व मालक ह्या दोघांच्याही जमिनीचा प्रश्न आहे, असे आम्ही म्हणतो.

दावेदाराच्या हाती एक चांगले साधन मात्र अलीकडे आले आहे. बिनविम्याच्या वाहनाने मृत्यू वा इजा घडविली असेल, तर मालकाने पुरेसे तारण दिल्यावाचून ते वाहन सोडू नये, आणि तारण न दिल्यास तीन महिन्यांनंतर त्याचा जाहीर लिलाव करून येणारी रक्कम न्यायाधिकरणाकडे ठेवावी, असा नियम आहे. सन २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांस तो अमलात आणण्यास सांगितले, व १ एप्रिल २०२२ पासून केंद्राच्या नियमांतही तशी तरतूद आली. वाहन पोलीस ठाण्यातून सुटण्यापूर्वीच जखमीच्या नातेवाइकांनी त्याचा विमा आहे की नाही ह्याची लेखी चौकशी करावी, व नसल्यास ह्या नियमाकडे ठाणे अंमलदाराचे लक्ष वेधावे. एकदा वाहन सुटले व विकले गेले, की हे साधन हातचे गेले.

विमा असूनही लागू न पडणे

विमापत्र असूनही वाद निघण्याचे तीन प्रसंग शेतकरीवर्गात वारंवार येतात.

पहिला प्रसंग चालकाच्या लायसनचा. लायसन नसलेल्या अथवा मुदत संपलेल्या मुलाच्या हाती ट्रॅक्टर दिला, तर विमा कंपनी जबाबदारी झटकू पाहते. ह्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या सन २००४ च्या निकालाचा आधार घेऊन न्यायाधिकरणे पुष्कळदा असा हुकूम करतात की, कंपनीने प्रथम तिसऱ्या पक्षास भरपाई द्यावी व मागाहून ती मालकापासून वसूल करून घ्यावी. जखमीचे ह्याने भागते. मालक मात्र बिनविम्याच्या मालकाच्याच पंक्तीस येऊन बसतो.

दुसरा प्रसंग ट्रॉलीत बसलेल्या माणसांचा. ट्रॅक्टरवर चालकाखेरीज कोणासही बसण्याची जागा नाही, व ट्रॉली ही मालासाठी आहे. लग्नाचे वऱ्हाड, जत्रेची मंडळी, खुरपणीस निघालेल्या बाया ट्रॉलीत बसवून नेण्याची आपल्याकडे सर्रास चाल आहे. मालवाहू वाहनात फुकट नेलेल्या उतारूंची जबाबदारी कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सन २००३ मध्ये ठरविले. सन २००७ मध्ये ट्रॉलीवरून जाणाऱ्या एका मजुराच्या प्रकरणातही कंपनी मूलतः जबाबदार नाही असेच ठरले. न्यायालयाने आपला विशेष अधिकार वापरून कंपनीस रक्कम देऊन मालकाकडून वसूल करावयास सांगितले, एवढेच. सबब मजूर नेणे असेल तर त्यांच्यासाठी जादा हप्ता भरून विमापत्रात तशी नोंद होते काय, हे कंपनीस विचारून लेखी घ्यावे. ट्रॉलीची नोंदणी व विमा ट्रॅक्टरच्या कागदांत आहे की नाही, हेही पाहून ठेवावे.

तिसरा प्रसंग विकलेल्या वाहनाचा. शंभर रुपयांच्या स्टँपवर मजकूर लिहून मोटारसायकल अथवा ट्रॅक्टर विकला, पैसे घेतले, आणि नाव बदलण्याचे राहून गेले, अशी उदाहरणे गावोगाव आहेत. सर्वोच्च न्यायालयाने सन २०१८ मध्ये स्पष्ट ठरविले की, आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक समजावा व भरपाईची जबाबदारी त्याचीच. जमिनीच्या व्यवहारात फेरफार मंजूर होईपर्यंत आपण जसे स्वस्थ बसत नाही, तसेच येथे समजावे. वाहन विकल्यावर चौदा दिवसांच्या आत आरटीओस कळवावे. घेणाऱ्यानेही चौदा दिवसांत विमापत्र आपल्या नावे करून घेण्याचा अर्ज करावा.

वाहन पळून गेल्यास

धडक देऊन वाहन नाहीसे झाले व पुष्कळ तपास करूनही त्याचा पत्ता लागला नाही, तर विमा होता की नव्हता हा प्रश्नच उरत नाही. सन २०२२ मध्ये अशा प्रकारच्या अपघातांत देशात ३०,४८६ माणसे दगावली. ह्यांच्यासाठी सरकारी योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून तीत मृत्यूबद्दल २,००,००० रुपये व गंभीर दुखापतीबद्दल ५०,००० रुपये ठरविले आहेत. पूर्वी ह्या रकमा २५,००० व १२,५०० रुपये होत्या.

ह्या योजनेचा अर्ज न्यायालयात करावयाचा नसून अपघात जेथे झाला त्या भागाच्या प्रांताधिकारी अथवा तहसीलदार ह्यांजकडे करावयाचा आहे, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक आहे. ते चौकशी अधिकारी असतात. त्यांनी एक महिन्यात अहवाल पाठवावा, जिल्हाधिकाऱ्यांनी मंजुरी द्यावी व विमा कंपन्यांच्या मध्यवर्ती परिषदेमार्फत रक्कम अदा व्हावी, असा क्रम आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये असाही आदेश दिला की, एक महिन्यात वाहनाचा पत्ता न लागल्यास पोलिसांनी जखमीस अथवा वारसांस ह्या योजनेची लेखी माहिती द्यावी. पुढे वाहन सापडून त्याजपासून भरपाई मिळाली, तर आधी घेतलेली रक्कम परत करावी लागते.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. वाहन सापडले, मालक ठाऊक आहे, परंतु विमा नाही, अशा प्रसंगास ही योजना लागू नाही. तेथे मालकावर दावा हाच मार्ग. म्हणूनच बिनविम्याचे ओळखीचे वाहन हे कधी कधी बेपत्ता वाहनाइतकेच अडचणीचे ठरते.

आपण आगाऊ काय करावे

दुसऱ्याने विमा भरावा हे आपल्या हाती नाही. पण त्याने न भरला तरी आपले कुटुंब उघडे पडू नये, एवढी तजवीज मात्र आपल्या हाती आहे. ती येणेप्रमाणे :

(१) मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा. हा १५ लाख रुपयांचा असतो व सन २०१८ च्या अखेरीपासून एवढी रक्कम ठरविली आहे. दोष कोणाचा, समोरच्याचा विमा होता की नव्हता, ह्याची चौकशी ह्यात येत नाही. मृत्यू, तसेच दोन्ही हात, दोन्ही पाय वा दोन्ही डोळे गेल्यास पूर्ण रक्कम, व एक अवयव वा एक डोळा गेल्यास निम्मी रक्कम मिळते. अट अशी की, वाहन आपल्या नावे नोंदलेले असावे व आपणाजवळ चालू लायसन असावे. विमापत्र घेताना ‘हा हप्ता काढून टाका, स्वस्त पडेल’ असे कोणी सुचविल्यास ऐकू नये. आपल्या देशात बिनविम्याच्या वाहनाविरुद्ध जी ढाल मिळते ती मुख्यतः हीच.

(२) सोबत्यांचा विमा. मालक-चालकाचा विमा शेजारी वा मागे बसलेल्या पत्नीस व मुलांस लागू नाही. थोडा जादा हप्ता भरून बसणाऱ्यांचा अपघात विमा त्याच विमापत्रात घालता येतो.

(३) स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा. समोरचा बिनविम्याचा असेल तर आपल्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च त्याजपासून निघणे दुरापास्त. ट्रॅक्टर वा मोटार नवी असेल, अथवा कर्जाऊ असेल, तर हा विमा अवश्य घ्यावा.

(४) प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. सालीना २० रुपये बँक खात्यातून जातात. वय १८ ते ७० च्या दरम्यान असावे. अपघाती मृत्यूबद्दल २ लाख व अंशतः कायम अपंगत्वाबद्दल १ लाख रुपये मिळतात. विमा १ जून ते ३१ मे असा चालतो. मे अखेरीस खात्यात शिल्लक ठेवण्यास विसरू नये.

(५) गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून ही योजना ह्या रूपात आहे. सातबारावर नाव असलेला शेतकरी व त्याच्या कुटुंबातील कोणीही एक जण, वय १० ते ७५, ह्यांस ती लागू असून तीत रस्त्यावरील अपघातही येतात. मृत्यूबद्दल २ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तीस दिवसांच्या आत करावा. वारसांची नोंद वेळेवर झालेली असल्यास हे काम सुलभ होते.

अपघात घडल्यावर

प्रथम जखमीचा जीव. १०८ अथवा ११२ ह्या क्रमांकावर खबर द्यावी. दिनांक ५ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने जाहीर केलेल्या योजनेप्रमाणे रस्त्यावरील अपघातातील जखमीस नेमलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत व दीड लाख रुपयांपर्यंत विनापैसा उपचार मिळण्याची सोय आहे. वाहनाचा विमा नसला अथवा ते पळून गेले तरीही ती सोय आहे.

त्यानंतर वाहनाचा क्रमांक टिपावा, शक्य तर छायाचित्र घ्यावे. एम-परिवहन ह्या सरकारी साधनावर क्रमांक घातला असता विम्याची मुदत दिसते. तडजोडीच्या गोष्टी कोणी कितीही गोड बोलून केल्या तरी पोलिसांत खबर देण्याचे टाळू नये. खबर व पंचनामा नसेल तर पुढचे सर्व दरवाजे बंद होतात. दवाखान्याचे कागद, औषधांच्या पावत्या, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा व आठ-अ, बाजार समितीच्या व कारखान्याच्या पट्ट्या ह्या सर्व एका ठिकाणी जपाव्यात. मृताच्या उत्पन्नाचा पुरावा ह्यांतूनच निघतो.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करावयाचा. तो अपघाताच्या ठिकाणी, दावेदाराच्या राहत्या जागी अथवा प्रतिवादीच्या राहत्या जागी, कोठेही करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात दाव्यास अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. ह्या मुदतीस न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तरी शहाण्याने सहा महिने हीच मुदत धरून चालावे. दोष सिद्ध न करता मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये कलम १६४ प्रमाणे मागता येतात. परंतु ती रक्कम कंपनीपासून ठराविक रीतीने स्वीकारली की मोठा दावा राहत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी वर दाखविल्याप्रमाणे हिशेब करून पाहावा. मालक बिनविम्याचा असून जमीन विकण्याच्या खटपटीत असल्याचे दिसल्यास, निकालापूर्वी जप्ती मागता येईल काय, हे वकिलास पहिल्याच भेटीत विचारावे.

सोसायट्यांस सूचना

शेवटी एक सूचना करावीशी वाटते. पीककर्जाचे नूतनीकरण दरसाल होते व त्या वेळी प्रत्येक सभासद सोसायटीच्या कचेरीत येतोच. त्याच वेळी चिटणिसाने सभासदाच्या ट्रॅक्टरची, ट्रॉलीची व दुचाकीची विम्याची मुदत, वाहन कोणाच्या नावे आहे, आणि चालविणाऱ्याचे लायसन केव्हा संपते, ह्या गोष्टी एका वहीत उतरून घ्याव्यात, व मुदत संपण्यापूर्वी महिनाभर आधी फळ्यावर नावे लावावीत. ह्यास खर्च एका वहीचा. गावातली सर्व वाहने विमा उतरलेली झाली, म्हणजे गावच्या रस्त्यावर तरी कोणास बिनविम्याच्या वाहनाचे भय राहणार नाही, व कोणाची जमीनही त्यापायी लिलावास चढणार नाही. येत्या हंगामात निदान काही सोसायट्यांनी हा उपक्रम करून पाहावा, अशी आमची त्यांस विनंती आहे.